भरल्या रानातील दारिद्र्य : त्याची कारणे व त्याचे मोजमाप

समितीच्या कार्यास साहाय्य करणारे व्यापारी, जमीनदार व इतर उदार सद्गृहस्थ आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. तो असा की, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत पाऊस विपुल, रान अफाट, भूमीच्या पोटात कोळसा व लोखंड. असे असता तेथील लोक दरिद्री का, आणि त्यांस साहाय्याची गरज खरोखरच आहे हे कशावरून समजावे? प्रश्न रास्त आहे. ज्याने आपले कष्टार्जित द्रव्य द्यावयाचे, त्यास ते कोणास व कशासाठी द्यावयाचे हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून दारिद्र्य म्हणजे काय, ते मोजतात कसे, आणि ह्या दोन जिल्ह्यांत त्याची मुळे कोठे आहेत, ह्यांचा थोडक्यात खुलासा येथे करण्याचे योजिले आहे. परीक्षेसाठी ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसही तो उपयोगी पडावा.

प्रथम दुष्काळ व दारिद्र्य ह्यांतील संबंध पाहू. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या सालांचे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले, व त्या वेळच्या चांदा जिल्ह्यासही त्यांची झळ लागली. अशा प्रसंगी धान्य पिकले नाही म्हणून लोक मेले, असे आपण सहज म्हणतो. परंतु प्राध्यापक अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छाननी करून दाखविले की, बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याचे सामर्थ्य ज्यांच्यापाशी नसते ते उपाशी मरतात. दुकान भरलेले आणि गिऱ्हाइकाची गाठ रिकामी, ही स्थिती व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको. दुष्काळ हा एका वर्षाचा प्रसंग होय. दारिद्र्य ही त्या प्रसंगी घर कोसळावे अशी आधीपासूनची पोखरण होय.

आता मोजमापाकडे वळू. आपल्या देशात हे काम प्रथम हाती घेण्याचा मान दादाभाई नौरोजी ह्यांचा. तेही व्यापारीच होते, व त्यांनी हा प्रश्न हिशेबाच्या वहीप्रमाणे मांडला. तुरुंगातील कैद्यांस व परदेशी जाणाऱ्या मजुरांस सरकार जे अन्नवस्त्र देई, त्याची किंमत काढून १८६७-६८ च्या भावाने दर माणशी वर्षास १६ ते ३५ रुपये लागतात असे त्यांनी ठरविले. आणि देशाचे दर माणशी उत्पन्न मात्र अवघे २० रुपये भरते असे दाखविले. कैद्याच्या वाट्याचे अन्नदेखील स्वतंत्र प्रजेच्या सर्व जनांस पुरत नव्हते, हा त्यांच्या गणिताचा निष्कर्ष.

पुढील सर्व पद्धती ह्याच पायावर उभ्या आहेत. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी, दररोज २,२५० कॅलरी अन्न मिळण्यास १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये माणशी खर्च लागतो, असे मांडले. १९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यगटाने खेड्यास २,४०० व शहरास २,१०० कॅलरी हे माप धरले. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने केवळ अन्नावर न थांबता शिक्षण व औषधोपचार ह्यांचा खर्चही हिशेबात घेतला. त्या पद्धतीने २०११-१२ साली खेड्यात दरमहा माणशी ८१६ रुपये व शहरात १,००० रुपये ही रेषा आली, आणि देशातील २१.९ टक्के लोक तिच्याखाली आढळले. २०१४ साली रंगराजन समितीने रेषा ९७२ व १,४०७ रुपयांवर नेली, तेव्हा त्याच वर्षाचा आकडा २९.५ टक्के झाला. माणसे तीच, घरे तीच. रेषा हलली आणि कोट्यवधी लोक एका रकान्यातून दुसऱ्यात गेले. म्हणून कोणताही आकडा पाहताना, रेषा कोठे ओढली आहे, हे आधी विचारावे.

रेषेचे आणखी तीन दोष ध्यानात ठेविले पाहिजेत. पहिला असा की, ती डोकी मोजते, खोली मोजत नाही. समजा, दोन गावांत प्रत्येकी दहा कुटुंबे रेषेखाली आहेत. एका गावी प्रत्येकास महिना पन्नास रुपये कमी पडतात, दुसऱ्या गावी पाचशे. मोजणीत दोन्ही गावे सारखीच ठरतील. दात्याने मात्र त्यांस सारखे लेखू नये.

दुसरा दोष सरासरीचा. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, सुमारे २,९०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्या साऱ्यांचे उत्पन्न जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले म्हणजे रानातील धान पिकविणाऱ्या मजुराच्या नावेही चांगली रक्कम दिसू लागते. पण ती त्याच्या हाती कधीच पडत नाही. सरासरी ही साक्ष देते ती सर्वांच्या वतीने, आणि उलटतपासणीत कोणा एकाच्याही वतीने ती टिकत नाही.

तिसरा दोष ऋतूचा, व आमच्या कार्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. झाडीपट्टीतील घराकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचली जातात; वैशाखात तेंदूपानांची मजुरी मिळते; धान घरी येते ते दिवाळीच्या पुढेमागे. मधले आषाढ, श्रावण व भाद्रपद हे महिने रोवणीच्या कष्टाचे व रिकाम्या कणग्यांचे असतात. हिवतापाचा जोर त्याच दिवसांत, नद्यांस पूर त्याच दिवसांत. पर्लकोटेचे पाणी चढून भामरागडचा इतर जगाशी संबंध तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. वैशाखात चौकशी केली तर जे घर रेषेवर दिसेल, तेच भाद्रपदात खूप खाली सापडेल. कर्ज काढले जाते ते ह्याच काळात, आणि पुढील पीक मळण्यापूर्वीच गहाण पडते.

हे दोष जाणून अलीकडे दारिद्र्य अनेक अंगांनी मोजतात. नीती आयोगाच्या बहुआयामी मापात पोषण, बालमृत्यू, मातेचे आरोग्य, शाळा, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर इत्यादी बारा गोष्टी पाहतात. त्या मापाने महाराष्ट्रातील दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले. ही सुधारणा आनंदाची होय. तथापि राज्याचा आकडाही सरासरीच आहे, आणि मुंबईचा उजेड एटापल्लीच्या पाड्यावर पडत नाही, हे विसरून चालणार नाही.

आता कारणे. पहिले कारण पाण्याचे. येथील धानास परतीचा पाऊस हुकला की शेवटच्या एका पाण्याची गरज असते, आणि ते पुरविण्यासाठी पूर्वजांनी हजारो तलाव बांधून ठेविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. जुन्या पद्धतीत जुलूम होता, तो गेला हे योग्यच झाले. पण त्याबरोबर गावाने दरवर्षी पाळ दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची रीतही मोडली. पाऊस तितकाच पडतो. तो साठविणारे भांडे उथळ झाले आहे.

दुसरे कारण हक्काचे. गडचिरोली जिल्हा, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याची दोन-तृतीयांशाहून अधिक भूमी वनाखाली आहे. परंतु वनाशेजारी राहणे निराळे व वनावर हक्क असणे निराळे. बांबू वाढे गावाच्या शिवारात, आणि दीर्घ मुदतीच्या करारांनी जाई कागदाच्या गिरणीत. गावकऱ्यांच्या वाट्यास तोडणीची मजुरी तेवढी येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती पालटण्याचा मार्ग खुला केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारख्यांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली होती. रान तेच, बांबू तोच. कागदावरील धनी बदलताच मजुरीच्या जागी विक्रीची रक्कम गावात येऊ लागली.

तिसरे कारण आजाराचे. घरातील एक दुखणे बैलजोडी विकावयास लावते. डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा केली. त्यायोगे त्या बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दारिद्र्याची जी फळे अटळ समजली जातात, ती अल्प साधनांनीही टळतात, ह्यास याहून स्पष्ट पुरावा नको.

ह्या सर्वांवरून दात्यांस आमचे सांगणे इतकेच की, धान्य वाटणे अवश्य आहे, पण ते योग्य वेळी व योग्य घरी पोहोचावे. सरासरी पाहून गाव वगळू नये. भाद्रपदात त्या घराची चूल कितीदा पेटते, कर्ज किती, दुखणेकरी कोण, हे पाहून यादी करावी. जे काम करू शकतात त्यांस तलावाचा गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यातच द्यावे, म्हणजे मजुरीही मिळेल व पुढील वर्षीचे पीकही वाचेल. जे करू शकत नाहीत त्यांस धान्य विनाअट द्यावे. ज्या जमीनदारांच्या शेतास त्याच तलावाचे पाणी मिळते, त्यांच्या वर्गणीचा परतावा त्यांस स्वतःच्या बांधीत दिसेल. व्यापाऱ्यांस विनंती अशी की, आपली देणगी मृगापूर्वी पाठवावी. पूर आल्यावर पाठविलेली गोणी नदीच्या अलीकडेच राहते, आणि उपाशी माणूस पलीकडे असतो.