पाच टनांचा ट्रक आणि शंभर किलोंचा प्रश्न

ते रील तुम्हीही पाहिलं असणार. लालभडक खडक, सरळसोट रस्ता, एक भलामोठा पिकअप ट्रक, त्याच्या मागे पांढराशुभ्र कॅम्पिंग ट्रेलर आणि ट्रकच्या हौद्यात एटीव्ही. एटीव्ही म्हणजे ती जाड टायरची चारचाकी बाइक. आपल्याकडे बीचवर किंवा हिल स्टेशनला पैसे मोजून दोन चकरा मारायला मिळते ना, तीच. खाली कॅप्शन असते 'वीकेंड गोल्स'. आपण हार्ट देतो आणि पुढे स्क्रोल करतो.

मीही तेच करायचे. पण एप्रिलमध्ये माझ्या मावसभावाने फॅमिली ग्रुपवर स्वतःच्या ट्रकचा फोटो टाकला आणि विषय थेट घरात आला. दादा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडे मेमोरियल डेची सुट्टी असते, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. दादा, वहिनी आणि पाच वर्षांची चिमुरडी असा मोआबला जायचा प्लॅन होता. भाड्याचा कॅम्पिंग ट्रेलर ठरला होता. ऑफिसातल्या मित्राने आपल्या दोन एटीव्ही वापरायला देऊ केल्या होत्या. हीच ट्रिप आधी दोनदा रद्द झाली होती, त्यामुळे दादा जाम एक्साइटेड होता.

आता प्रश्न एकच होता. ट्रकच्या मागे ट्रेलर लावल्यावर एटीव्ही न्यायच्या कशा?

पप्पांनी विचारलेला प्रश्न

आमचे पप्पा टेम्पो चालवतात. त्याआधी कराड भागात त्यांनी साखर कारखान्यासाठी ऊस ओढला, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून. व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला, "काका, टेन्शन नाही. माझ्या ट्रकची टोइंग कपॅसिटी पाच टन आहे. ट्रेलर भरून पावणेतीन टन. उरलेत सव्वादोन टन. दोन एटीव्ही म्हणजे साडेसहाशे किलोसुद्धा नाही!"

पप्पांनी शांतपणे विचारलं, "ओढायला पाच टन, ते कळलं. पण पाठीवर किती घेतो तुझा ट्रक?"

दादा गप्प झाला. आणि मित्रांनो, सगळी गोम इथेच आहे. ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. तुम्ही सुटकेसला चाकं असतील तर तीस किलोची बॅगही प्लॅटफॉर्मवर आरामात ओढत नेता. तीच डोक्यावर घेऊन जिना चढायला सांगितलं तर? ट्रकचंही तसंच आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती ओढायची क्षमता. वाहायची क्षमता, म्हणजे पेलोड, लिहिलेली असते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर. माणसं आणि सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त वजन कधीही नको, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं.

दादाने पार्किंगमध्ये जाऊन स्टिकरचा फोटो पाठवला. त्यावर आकडा होता १,४५० पौंड, म्हणजे अंदाजे ६५८ किलो.

चला, बेरीज करू

अकरावीत टॉर्क आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी शिकताना 'हे आयुष्यात कुठे लागणार?' असं तुम्हीही म्हणाला असाल. इथे लागतं.

मागचा ट्रेलर पूर्णपणे स्वतःच्या चाकांवर उभा नसतो. त्याची दांडी ट्रकच्या हिचवर टेकलेली असते आणि त्यातून काही वजन थेट ट्रकच्या पाठीवर येतं. याला टंग वेट म्हणतात. अशा ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं, असा सर्वमान्य नियम आहे. दादाचा ट्रेलर भरून २,७२० किलो. साडेबारा टक्के धरले तरी ३४० किलो झाले. हे ३४० किलो पेलोडमधून वजा होतात आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात.

पुढची बेरीज अशी. दादा, वहिनी आणि मुलगी मिळून १५५ किलो. कूलर, हत्यारं, लाकडं, हिचचं लोखंड मिळून ६० किलो. टंग वेट ३४० किलो. एकूण ५५५. स्टिकरवरच्या ६५८ मधून ते वजा केले की उरले १०३ किलो.

एटीव्हीचं वजन मॉडेलप्रमाणे बदलतं, साधारण अडीचशे ते चारशे किलोंच्या आसपास. मित्राच्या एटीव्ही प्रत्येकी ३२० किलोंच्या होत्या. म्हणजे एकच चढवली तरी ट्रक २१७ किलोंनी ओव्हरलोड. दोन्ही चढवल्या तर ५३७ किलोंनी. आणि हे पाच टन ओढणाऱ्या ट्रकचं सांगतेय मी!

दादाचं म्हणणं होतं, "अहो काका, इकडे सगळे असेच नेतात. कोणाला काही होत नाही." पप्पा म्हणाले, "आमच्याकडेही उसाच्या ट्रॉल्या असेच नेतात. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलेपर्यंत कोणाला काही होत नाही." त्या दिवशीचा कॉल जरा गरमागरमीतच संपला.

पर्याय किती, आणि कोणासाठी?

मला मात्र आता यात इंटरेस्ट आला होता. दोन दिवस मी यावरच वाचत बसले. अमेरिकेत कॅम्पिंग ट्रेलर ओढणाऱ्यांपुढे साधारण पाच वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे एटीव्ही थेट हौद्यात. सगळ्यात स्वस्त. फक्त एक रॅम्प आणि चार मजबूत पट्टे लागतात. पण डबल केबिनच्या पिकअपचा हौदा बऱ्याचदा साडेपाच फुटांचाच असतो आणि एटीव्ही जवळपास सात फुटांची. म्हणजे मागचं फाळकं उघडं ठेवावं लागतं आणि कडक वळणावर ते ट्रेलरच्या पुढच्या जॅकवर आपटू शकतं. लांब हौद्याचा, जास्त पेलोडचा ट्रक आणि एकच एटीव्ही असेल तर हा पर्याय चांगला.

दुसरी वाट म्हणजे हौद्यावर बसवलेला लोखंडी डेक. त्यावर दोन एटीव्ही शेजारी शेजारी उभ्या राहतात. फोटोत झकास दिसतं. पण पेलोडमध्ये डेकचंही वजन धरावं लागतं आणि सगळा भार वर गेल्यामुळे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीही वर जातं. वाऱ्यात आणि वळणावर ट्रक जास्त झुकतो.

तिसरी वाट 'टॉय हॉलर'. हा ट्रेलरच वेगळा. पुढे किचन-बेड, मागे गॅरेज आणि मागची भिंत खाली पाडली की तिचाच रॅम्प. एटीव्हीचं बरंचसं वजन ट्रेलरच्या चाकांवर जातं, म्हणून ही सोय सगळ्यात सुटसुटीत. पण ट्रेलर मुळातच जड असतो, त्यासाठी दादाच्या ट्रकपेक्षा वरच्या श्रेणीचा ट्रक लागतो. शिवाय गॅरेज मागे असल्यामुळे भरल्यावर दांडीवरचा भार कमी होतो. तो कमी होणं का वाईट, ते पुढे सांगते.

चौथी वाट डबल टोइंग. ट्रकमागे कॅम्पर आणि कॅम्परमागे एटीव्हीचा छोटा ट्रेलर. आपल्या उसाच्या दोन ट्रॉल्या आठवा! हे अमेरिकेतल्या काही राज्यांत चालतं, काहींत अजिबात चालत नाही. जिथे चालतं तिथेही लांबीची आणि इतर बंधनं असतात. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो. आणि ही वरात रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य. चुकीच्या पेट्रोल पंपात शिरलात तर संपलं.

पाचवी वाट दोन गाड्या. एक कॅम्पर ओढणार, दुसरी एटीव्हीचा ट्रेलर. पेट्रोल दुप्पट, ड्रायव्हर दोन. पण वजनाच्या हिशेबात हाच पर्याय सगळ्यात सोपा. दोन एटीव्ही आणि छोटा उघडा ट्रेलर मिळून टनाच्या आसपास भरतो आणि तेवढं बऱ्याच मध्यम एसयूव्ही ओढतात.

गाडी उलाळ होते तेव्हा

"ट्रेलरचं सामान मागे सरकवू, म्हणजे दांडीवरचं वजन कमी होईल आणि पेलोड वाचेल," ही दादाची पुढची आयडिया. ऐकायला लॉजिकल वाटते ना? पप्पा ऐकून उडालेच. "गाडी उलाळ करतोस काय?"

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त भार झाला की पुढची बाजू वर उचलली जाते, त्याला उलाळ म्हणतात. ट्रेलरचंही तेच. दांडीवर पुरेसा दाब नसेल तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलायला लागतो. याला ट्रेलर स्वे म्हणतात. वेग जितका जास्त, तितकं डोलणं जास्त आणि एका टप्प्यानंतर मागचा ट्रेलरच पुढच्या ट्रकला नाचवतो. अशा वेळी घाबरून कचकन ब्रेक मारायचा नसतो आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे वेगळे ब्रेक हाताने चालवायची सोय असेल तर ते हलके लावायचे.

आणि दांडीवर वजन जास्त झालं तर? ट्रकचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कमी होते. वेट डिस्ट्रिब्युशन हिच नावाचं एक साधन मिळतं, ते हा भार पुढच्या चाकांकडे वाटून देतं. पण एक लक्षात ठेवा, त्याने स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

दादाचा रस्ताही साधा नव्हता. सॉल्ट लेक सिटी ते मोआब साधारण पावणेचारशे किलोमीटर. मध्ये सोल्जर समिटची खिंड लागते, सुमारे ७,४०० फुटांवर. आपलं लोणावळं दोन हजार फुटांच्या थोडं वर आहे, यावरून अंदाज करा. चढाला इंजिनाची परीक्षा असते आणि उताराला ब्रेकची. त्यात उघड्या माळावरचा आडवा वारा. मागच्या सीटवर पाच वर्षांची मुलगी.

मग दादाने काय केलं?

चार दिवस तो ग्रुपवर काहीच बोलला नाही. मग एका रात्री वहिनीचा मला फोन आला. दोन गाड्यांचा पर्याय तिनेच नाकारला होता. "मी आजवर ट्रेलर ओढलेला नाही. पहिल्यांदाच ओढायचा आणि तोही त्या घाटात? मी नाही करणार," असं तिने सरळ सांगितलं. मला ते फार आवडलं. 'नाही' म्हणायला पण हिंमत लागते.

शेवटी ठरलं असं की कॅम्पर न्यायचा आणि एटीव्ही मित्राकडेच ठेवायच्या. मोआबमध्ये भाड्याने गाड्या देणारे भरपूर आहेत. तिथे एक दिवसासाठी साइड-बाय-साइड घ्यायची, म्हणजे शेजारी शेजारी सीट आणि सीटबेल्ट असलेली मोठी गाडी. भाडं चांगलंच सणकून लागलं. तीन दिवस मनसोक्त फिरायचं ते एका दिवसावर आलं. दादाचा मूड गेला होता, हे खोटं कशाला सांगू? शिवाय जवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये अशा गाड्यांना मुळात बंदीच आहे, त्यामुळे एक दिवस तसाही पायीच जाणार होता. हे त्याला प्लॅन करताना माहीतच नव्हतं!

सोल्जर समिटवरून त्याने फोटो पाठवला. ट्रक सपाट उभा होता, मागे दबलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, "काका, वारा फार आहे." पप्पांनी फक्त अंगठा दाखवला. एवढ्यावर दोघांचं मिटलं.

तुम्हाला काय त्याचं?

तुमच्यापैकी कोणी एमएसला जाणार असेल, तिथे मित्रांबरोबर ट्रक-ट्रेलर भाड्याने घ्यायची वेळ येईलच. तेव्हा हे लक्षात ठेवा. आधी दारावरचं स्टिकर वाचा. टंग वेट पेलोडमधून वजा करा. शक्य असेल तर भरलेला ट्रक-ट्रेलर वजनकाट्यावर चढवा. एटीव्ही चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधा आणि तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा, कारण ते सैल होतात. रॅम्पवर एटीव्ही चढवताना ती मागे उलटू शकते, त्यामुळे स्टाइल मारू नका. ट्रेलरच्या सेफ्टी चेन दांडीखालून क्रॉस करून लावा.

आणि इथेच राहणार असाल, तर? पुढच्या ट्रेकला सातच्या गाडीत अकरा जण बसताना आणि टपावर सॅकचा डोंगर रचताना 'चलता है' म्हणणारा कोणी तरी असतोच. घाटात गाडी झुकते तेव्हा तोच पहिला ओरडतो. त्याच्याशी वाद घालू नका. कागद घ्या, माणसं आणि सामान यांची बेरीज करा आणि त्याच्यापुढे ठेवा. दहा मिनिटं लागतात.

ते रील पुन्हा दिसलं तर हार्ट जरूर द्या. फक्त त्याआधी एकदा ट्रकच्या पुढच्या चाकांकडे बघा.