घरातच रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारताय? महागड्या माइकआधी खोलीचा आवाज ऐका!

शिक्रापूर : भजनी मंडळाचा अभंग असो, पोवाडा असो की यूट्यूबसाठी केलेलं नवं गाणं, आता त्यासाठी दरवेळी पुण्यातला स्टुडिओ गाठावा लागत नाही. लॅपटॉप, माइक आणि घरातली एक खोली असली तरी काम भागतं. गायिका बिली आयलिशचा २०१९ मधला पहिला अल्बम प्रामुख्याने भावाच्या बेडरूममध्येच तयार झाला. २०२० मध्ये त्याला 'अल्बम ऑफ द इयर'चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

शिक्रापूरची अडचण मात्र वेगळी आहे. गाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर आहे आणि चाकणकडून येणारा रस्ताही इथेच मिळतो. त्यामुळे साठवलेल्या पैशांतून घेतलेल्या माइकमध्ये गाण्याआधी ट्रकच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

आधी ही चाचणी करा
पंखा बंद करून मोबाइलवर ५ मिनिटं रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करा. ते हेडफोन लावून ऐका. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. सर्वांत शांत खोली आणि वेळ कोणती, हे फुकटात कळेल.

गोधड्या लावून भागेल?
अर्धंच. गोधड्या, जाड पडदे आणि गाद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरून येणारी ट्रकची घरघर त्यांनी थांबत नाही. त्यासाठी जाड भिंती आणि दार-खिडक्यांच्या बंद केलेल्या फटीच उपयोगी पडतात.

माइक कोणता घ्यावा?
कंडेन्सर माइक बारीकसारीक आवाज टिपतो. पण त्यात रस्ताही टिपला जातो. त्याला सहसा ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' लागते. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो, म्हणून गोंगाटाच्या जागी तो सोयीचा. तो तोंडापासून चार-पाच बोटांवर ठेवा. अंतर दुप्पट झालं की गायकाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, ट्रकचा मात्र तेवढाच राहतो. सतार, तानपुऱ्यासारख्या नाजूक वाद्यांसाठी कंडेन्सर घ्यायचा असेल, तर रेकॉर्डिंग शांत वेळीच करा.

बाकी काय लागेल?
● ऑडिओ इंटरफेस : माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत नेणारी पेटी. गायक आणि हार्मोनियम एकाच वेळी रेकॉर्ड करायचे असतील तर दोन माइक इनपुट हवेत. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा.
● हेडफोन : कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे. नाहीतर त्यातला ठेका माइकमध्ये शिरतो.
● सॉफ्टवेअर : सुरुवातीला मोफत 'ऑडॅसिटी' पुरेसं आहे. त्यातल्या 'हाय-पास फिल्टर'ने ८० हर्ट्झखालची घरघर कमी करता येते. पखवाज किंवा तबल्याच्या ट्रॅकवर तो जपून वापरा. डग्ग्याचा घुमार जाऊ शकतो.
● वीज : चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. अनेकदा गुणगुण कमी होते आणि मध्येच वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही.

खरेदीचा क्रम
आधी खोली, मग डायनॅमिक माइक, स्टँड आणि इंटरफेस, त्यानंतर हेडफोन. स्पीकर सर्वांत शेवटी.