चार ट्रॅक, एक स्कूटर आणि रेमो

मिरकरवाड्याला आमच्या घरी माळ्यावर बाबांची कॅसेटची पेटी आहे. बंदराच्या खाऱ्या हवेने अर्ध्या कॅसेट कामातून गेल्यात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यातली एक चालली. नाव ‘गोवन क्रेझी’. बाबांना ती एका खलाशाने गोव्याहून आणून दिली होती.

ऐकता ऐकता मी विचारलं, “गिटार कोण वाजवतंय?”

“रेमो.”

“आणि बासरी?”

“तोच गो.”

“मागे एवढे सगळे गातायत ते?”

“तोच! सगळं तोच!”

मला वाटलं बाबा फेकतायत. नव्हते फेकत. आणि हे त्याने कसं केलं, ते इंजिनिअरिंगच्या पोरांना कळायलाच पाहिजे, म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासलंय, उरलेल्या चुका माझ्या!)

रेमो फर्नांडिस म्हटलं की आपल्याला ‘बॉम्बे’ सिनेमातलं (१९९५) हिंदी ‘हम्मा हम्मा’ आठवतं. पण ती चाल ए. आर. रहमानची. रेमोची खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. (एवढ्या मोठ्या माणसाला मी ‘तो’ म्हणतेय, पण रॉक गायकाला ‘ते’ म्हटलं की प्राचार्य असल्यासारखं वाटतं.)

त्याचा जन्म १९५३ चा, गाव गोव्यातलं शिवोली. तो आठ वर्षांचा असताना, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. म्हणजे घरात पोर्तुगीज, गावात कोंकणी आणि बाहेर बीटल्स. शाळेतच त्याने बँड काढला. मग मुंबईला जे. जे. मध्ये आर्किटेक्चर. होय, आपल्यासारखाच शीट काढणारा प्राणी! तेव्हाही बँडमध्ये वाजवत होताच, पण डिग्री पुरी केली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिफ्ट मागत मागत युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरला, तिकडच्या बँडबरोबर वाजवलं आणि परत शिवोलीला आला.

इथे खरी अडचण. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी रॉक म्हणजे परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. स्वतः इंग्रजीत गाणं लिहिणाऱ्या गोव्याच्या माणसाची कॅसेट कोण काढणार? मुंबईच्या कंपन्यांकडून दाद मिळेना. मग त्याने घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काम सुरू केलं.

आता जरा टेक्निकल. कॅसेटची फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद. तिच्यावर शेजारी शेजारी चार पट्टे असतात. दोन ‘ए’ साइडचे (डावा-उजवा), दोन ‘बी’ साइडचे. चार ट्रॅकचं मशीन हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं. म्हणजे कॅसेट उलटायची नाही. पहिल्या पट्ट्यावर गिटार घ्या, ती ऐकत दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर आवाज. ऐकताना आणि रेकॉर्ड करताना एकच हेड वापरलं जातं, म्हणून दोन्ही ट्रॅक मागेपुढे होत नाहीत. अशा बऱ्याच मशीनमध्ये फीत दुप्पट वेगाने पळते, क्वालिटी सुधारायला. हिशोब करा: साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटं!

आणि चारापेक्षा जास्त वाद्यं हवी असतील तर? तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. पण दर वेळी फितीची खरखर वाढत जाते. आणि एकदा पुसलं की पुसलं. बासरी थोडी मोठी झाली, गिटार दबली, असं नंतर वाटून उपयोग नाही. ‘अनडू’ नावाची भानगडच नव्हती. आधी विचार, मग बटण.

असा ‘गोवन क्रेझी’ १९८४ मध्ये आला. गाणी, वाद्यं, आवाज, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, कव्हरचं डिझाइन, सगळं एकट्याचं. आणि वितरण? पिवळ्या स्कूटरवर कॅसेट लादून हा बाबा स्वतः दुकानादुकानात पोचवायचा! पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’, त्यात गोव्याची जुनी कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी. त्याच सुमारास श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्येही तो दिसला. १९८६ चा ‘पॅक दॅट स्मॅक’ ड्रग्जच्या विरोधात होता आणि तो मोठ्या कंपनीने काढला. १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’. म्हणजे आधी स्कूटर, मग कंपनी. पुढे हिंदी सिनेमाची गाणी, २००७ मध्ये पद्मश्री आणि २०२१ मध्ये आत्मचरित्र.

मला यात स्कूटरपेक्षा एक गोष्ट जास्त लागली. सगळा देश त्याला ओळखतो ते दुसऱ्याच्या चालीवर गायलेल्या गाण्यांमुळे. पण बाबांनी चाळीस वर्षं जपून ठेवली ती त्याची स्वतःची कॅसेट. कारण त्यात जे गाव होतं, ते बाबांना आपल्या बंदरासारखं वाटलं.

आता कबुलीजबाब. मागच्या गॅदरिंगला माझ्या रूम पार्टनरने एक गाणं लिहिलं होतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जेटीवर रिकाम्या बसलेल्या माणसांवर. चाल साधी, शब्द मात्र आतून आलेले. आमच्या बँडने मत घेतलं: “कोणाला कळणार नाही, टाळ्या पडणार नाहीत.” सगळ्यांना पाठ असलेलं हिंदी गाणंच घ्यायचं ठरलं. तिच्या गाण्याच्या विरोधात पहिला हात मी वर केला. मी, मिरकरवाड्याची! ती काही बोलली नाही. नंतर कितीतरी महिने तिने वही उघडली नाही.

टाळ्या भरपूर पडल्या. आज कोणाला आठवतंय आम्ही काय गायलो ते?

आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आज चारच्या कितीतरी पट ट्रॅक आहेत आणि ‘अनडू’ही आहे. त्यामुळे सोयी नाहीत, हे कारण बाद. डिग्री सोडा असंही मी म्हणत नाही, रेमोनेही सोडली नव्हती (आणि बाबा हा लेख वाचणार आहेत).

दिवाळीनंतर होस्टेलवर आल्या आल्या मी तिला सॉरी म्हटलं. दोन दिवसांनी तिने वही काढली. या वर्षीच्या ऑडिशनला आम्ही तेच गाणं दिलंय. निवड होईल की नाही माहीत नाही. रेकॉर्डिंग मेसच्या मागच्या खोलीत केलं. त्यात कुकरची शिट्टी आलीय. ती आम्ही तशीच ठेवलीय.