उतरणारे पाय कुठे गेले?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर, माथ्यापासून थोडे खाली, फिकट रंगाचा उभा पट्टा दिसतो. हा कोकोनिनो वालुकाश्म. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर अवतरण्याच्याही बऱ्याच आधी, इथे वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांचे तिरपे थर दगडात आजही दिसतात. त्यांवर चार पायांच्या प्राण्यांचे ठसे आहेत. हाडे मात्र नाहीत.

चार्ल्स गिलमोर यांनी १९२० च्या दशकात या ठशांचा अभ्यास केला. गंमत अशी, की बहुतेक ठसे चढ चढणारे आहेत. मग हे प्राणी उतरलेच नाहीत की काय?

एडविन मॅकी यांनी १९४० च्या दशकात वाळूचा उतार करून त्यावर चक्क सरडे चालवले. चढताना ठसे नीट उमटले, पण उतरताना वाळू घसरून ते मोडले. पुढे १९७९ मध्ये लेनर्ड ब्रँड यांनी पाण्याखाली सॅलॅमँडर चालवून असेच ठसे मिळवले आणि वाळवंटाबद्दलच शंका घेतली. शंका रास्त होती, पण याच दगडात कोळी-विंचवांच्या चालीच्या खुणा आणि पावसाच्या थेंबांचे खळगेही आहेत. पाण्याखाली थेंबांचे खळगे कसे पडणार? म्हणून बहुतेक भूवैज्ञानिक वाळवंटच मानतात.

वर्गात सरडा नको. परातीत कोरड्या वाळूचा तीव्र उतार करा आणि दोन बोटे आधी वर, मग खाली चालवा. नंतर वाळूवर पाणी शिंपडून पुन्हा करून पाहा.