विमानातली जागा – लेखांक ६ : पहिली रांग सोडा, दुसरी धरा

फर्स्ट क्लासचे तिकीट हाती आले आणि मोबाइलवर आसनांचा नकाशा उघडला, की बहुतेकांचे बोट आपोआप सर्वांत पुढच्या रांगेकडे जाते. पैसे मोजलेच आहेत, तर मग पहिलाच नंबर का नको? माझे मत मात्र नेमके उलट आहे. मधोमध एकच वाट असलेल्या विमानात पहिली रांग ही फर्स्ट क्लासमधली सर्वांत फुगवलेली जागा आहे. तिचे फायदे मोजके, आणि तोटे तिकीट काढताना कुणी सांगत नाही असे.

गेल्या आठवड्यात आपण इकॉनॉमीतल्या आपत्कालीन दरवाजाजवळच्या जागा पाहिल्या. आज पडद्याच्या पुढे जाऊ. चर्चा मुख्यतः अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांची, कारण एकाच वाटेच्या विमानात ‘फर्स्ट’ नावाने आसने विकण्याची पद्धत तिथेच खरी रुजलेली आहे. मुंबईहून न्यूअर्कपर्यंत ‘बिझनेस’ आणि पुढे डेन्व्हर किंवा डॅलसपर्यंत ‘फर्स्ट’ असे तिकीट मुलांनी पाठवले, म्हणून आईवडिलांनी हुरळून जाऊ नये. पुढच्या टप्प्यातले आसन रुंद असते, मऊ असते, पण पलंगासारखे आडवे होत नाही.

ही विमाने म्हणजे बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० यांची घराणी. ७३७ ने पहिले उड्डाण १९६७ मध्ये केले, ए-३२० ने १९८७ मध्ये. एअरबसची केबिन आतून साधारण ३.७० मीटर रुंद, बोइंगची ३.५४. इकॉनॉमीत तीन-तीन जण खांद्याला खांदा लावून बसतात तेव्हा हे सोळा सेंटिमीटर जाणवतात. फर्स्टमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच आसने असल्याने त्याचा फारसा विचार करायला नको. मधले आसन नाही, हीच मुळात अर्धी चैन. युनायटेडच्या ७३७-९०० मध्ये अशी २० आसने, डेल्टाच्या ए-३२१ मध्येही २०, अमेरिकन एअरलाइन्सच्या ७३७-८०० मध्ये १६. म्हणजे चार किंवा पाच रांगा. एवढ्याशा जागेत निवडायचे ते काय, असे वाटेल; पण रांगेगणिक अनुभव बदलतो.

आधी एक सापळा. रांगेचा आकडा बघून जागा ठरवू नका. अमेरिकनच्या ७३७ मध्ये फर्स्टच्या रांगा ३ पासून ६ पर्यंत असतात. पहिली रांग टाळायची म्हणून कुणी हुशारीने ‘३’ घेतली, तर ती नेमकी भिंतीसमोरची निघते. अक्षरांचेही तसेच. अमेरिकन आणि युनायटेडमध्ये ए-बी आणि ई-एफ, डेल्टात सरळ ए-बी-सी-डी, अलास्कात ए-सी आणि डी-एफ. म्हणजे ‘सी’ हे अक्षर एकीकडे डाव्या बाजूचे, दुसरीकडे उजव्या. एवढे मात्र सगळीकडे सारखे, की ‘ए’ म्हणजे विमानाच्या नाकाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताची खिडकी.

आता पहिली रांग. समोर आसन नाही, भिंत आहे. त्यामुळे समोरच्याची पाठ आपल्या मांडीवर कलत नाही, हा खरा फायदा. खिडकीजवळच्याला शेजाऱ्याला न उठवता बाहेर पडता येते, हाही. पण समोर आसन नाही म्हणजे आसनाखाली सामान ठेवायची जागाही नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी खांद्यावरची छोटी पर्ससुद्धा क्रू वर ठेवायला लावतो. त्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या, वाचायचा चष्मा, फोन आणि पासपोर्ट. विमान वर चढत असते, पट्ट्याचा दिवा लागलेला असतो, आणि चष्मा डोक्यावरच्या कप्प्यात बंद.

तो कप्पाही स्वतःचा असेलच असे नाही. पुढच्या कप्प्यांत अनेक विमानांत ऑक्सिजनची नळकांडी, प्रथमोपचाराचे आणि आणीबाणीचे साहित्य, शिवाय क्रूच्या बॅगा असतात. मग आपली बॅग दोन रांगा मागे जाते. विमान थांबल्यावर सगळे पुढे सरकत असतात आणि पहिल्या रांगेतला माणूस आपल्या बॅगेसाठी उलट्या दिशेने मागे जायला बघतो. सर्वांत आधी उतरायचे म्हणून घेतलेली जागा तिथेच वाया जाते. फक्त हातात मावेल एवढेच सामान असेल आणि पुढचे विमान पकडायला वेळ थोडा असेल, तर मात्र पहिली रांग घ्यावी. तेव्हा तिला तोड नाही.

जेवणाची फळीही समोरच्या पाठीतून खाली येत नाही, कारण समोर पाठच नाही. ती हातटेकणीच्या पोटातून दुमडलेली निघते. त्यासाठी हातटेकणी भरीव आणि पक्की बसवलेली असते, म्हणजे बसायची रुंदी थोडी कमी होते. फळी एकाच बाजूने धरलेली असल्याने डुगडुगते. तिच्यावर लॅपटॉप ठेवून टंकलेखन करून पाहा म्हणजे कळेल. पायांचे म्हणाल तर भिंतीवर सारे अवलंबून. काही विमानांत भिंत खालून कापलेली असते आणि पाय तिच्याखाली सरकतात. काहींत ती थेट जमिनीपर्यंत येते, आणि उंच माणसाचे बूट दोन तास तिला टेकून राहतात. आसनांच्या नकाशावर दोन्ही भिंती एकाच जाड रेघेने दाखवतात.

शिवाय हा चव्हाटा आहे. एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसणाऱ्याला जसा सगळा कारभार आपोआप दिसतो, तसे इथे. गॅलीतला दिवा, ओव्हनची दारे, बर्फाच्या पिशव्यांची आदळआपट, स्वच्छतागृहासाठी उभे राहिलेले लोक. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दार मजबूत झाले आणि ते हवेत उघडण्याचे नियमही कडक झाले. वैमानिकाला बाहेर यायचे असेल, तर क्रू वाटेत ट्रॉली आडवी लावून उभा राहतो. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर हा छोटा बंदोबस्त चालू असतो. पहिल्यांदा बघायला मजा येते, एवढे कबूल.

म्हणून दुसरी रांग. आसनाखाली जागा आहे, फळी समोरून येते, हातटेकणी हलकी असते, उतरायला पहिल्या रांगेनंतर अर्ध्या मिनिटाचा फरक. गॅली एवढी लांब की दिवा डोळ्यांवर येत नाही, आणि एवढी जवळ की चहा थंड होऊन येत नाही. समोरच्याची पाठ कलणार हे खरे, पण फर्स्टमध्ये दोन रांगांतले अंतर साधारण ३७ ते ३८ इंच असते. इकॉनॉमीतल्या तीस-एकतीस इंचांवरून आलेल्याला ते खुपत नाही.

शेवटची रांग मी सहसा घेत नाही. मागे पातळ भिंत किंवा नुसता पडदा, आणि त्यापलीकडे पूर्ण इकॉनॉमी. आवाज तिथून येतो, आणि पुढच्या स्वच्छतागृहाकडे निघालेले लोक तिथेच घुटमळतात. काही विमानांत मागच्या भिंतीमुळे पाठ पुरती कलत नाही. जेवण पुढून वाढत आले तर मागे निवड उरत नाही, आणि शाकाहारी माणसाला हे फार महाग पडते. दोनच पदार्थ असतात. पास्ता संपला की कोंबडीच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या लांबच्या टप्प्यांवर जेवण आधी नोंदवू देतात, ते जरूर करावे. आणि जाता जाता, विमानातल्या यादीतले ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. त्यात गोमांस नसते, पण कोंबडी किंवा मटण असू शकते. शाकाहाऱ्यांनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागावे.

खिडकी की वाट, हा वाद इकॉनॉमीत जितका अटीतटीचा, तितका इथे नाही, तरी एक गोष्ट लक्षात घ्या. फर्स्टवाले आधी बसतात आणि मग मागचे दीडशे लोक त्यांच्या शेजारून जातात, पाठीवर सॅक आणि हातात चाकांची बॅग घेऊन. सॅकवाला वळला की वाटेकडच्या माणसाच्या खांद्याला, कधी हातातल्या पेल्याला धक्का बसतो. लांबलचक ७५७ याला अपवाद. तिच्यात प्रवासी बहुधा फर्स्टच्या मागच्या दाराने चढतात आणि डावीकडे वळणाराच पुढे येतो. बाकी विमानांत मी खिडकी घेतो. ज्यांना दर तासाला उठावे लागते किंवा गुडघा दुमडून ठेवणे जमत नाही, त्यांनी वाटेकडची घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

पण खिडकी घेतली म्हणजे खिडकी मिळालीच असे नव्हे! ७३७ च्या सांगाड्याच्या कड्या २० इंचांवर असतात, आणि दोन कड्यांमध्ये एक खिडकी. आसने ३७ इंचांवर. दोन खिडक्यांचे अंतर ४० इंच, एका रांगेचे ३७. म्हणजे दर रांगेला खिडकी आसनाच्या मानाने तीन इंच मागे सरकते. पहिल्या रांगेत ती चेहऱ्याच्या बाजूला असेल, तर चौथ्या रांगेत नऊ इंच मागे, म्हणजे जवळजवळ अर्धे अंतर घसरलेली. तिथे डोळ्यांसमोर दोन खिडक्यांमधला प्लास्टिकचा पट्टा येतो, आणि बाहेर पाहायला एकतर पुढे वाकावे लागते किंवा मान मागे वळवावी लागते. ए-३२० मध्ये कड्या २१ इंचांवर, त्यामुळे घसरण दर रांगेला पाच इंच, आणि तिसऱ्याच रांगेत हा पट्टा येऊ शकतो. हिशेब ढोबळ आहे, कारण पहिले आसन कुठे बसवले यावर सारे अवलंबून. तरी एकाच विमानात एकाला ढग दिसतात आणि त्याच्या मागच्याला भिंत, ते यामुळे.

बाजू कोणती? मी उन्हावरून ठरवतो. न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना विमान पश्चिमेकडे जाते; दुपारी सूर्य दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला. हिवाळ्यात तर तो खाली उतरून थेट तोंडावर येतो. तेव्हा जाताना उजवी खिडकी, दुपारी परतताना डावी. दिल्लीहून मुंबईला सकाळी येताना ऊन डावीकडून, संध्याकाळी उजवीकडून. मुंबईहून दिल्लीला जाताना त्याच्या उलट. दर वेळी खिडकीचा पडदा ओढून बसायचे असेल, तर खिडकी घेतलीच कशाला?

आडव्या होणाऱ्या आसनांचे गणित वेगळे. जेटब्लूने २०१४ मध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान ए-३२१ मध्ये ‘मिंट’ सुरू केले. नाव फर्स्ट नाही, पण थाट तोच. त्या मूळ मांडणीत १६ आसने. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रांगेत दोन-दोन, तर दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत वाटेच्या प्रत्येक बाजूला एकच आसन, सरकत्या दारासह. ही चार एकटी आसने आधी जातात, आणि का जाणार नाहीत? दोन्ही हातांना फळ्या, शेजारी कुणी नाही, दार ओढले की खोली. तिथे विचार करण्यासारखे काही नाही; दुसरी किंवा चौथी रांग मिळाली तर घ्यावी आणि गप्प बसावे.

युरोपात मात्र या लेखातले फारसे काही लागू पडत नाही. लुफ्तान्सा किंवा ब्रिटिश एअरवेजच्या छोट्या विमानांतला बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचेच तीनचे आसन, मधले रिकामे ठेवलेले. पडदाही तिकिटे खपतील तसा मागे-पुढे सरकतो.

आपल्याकडे एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए-३२० निओ विमानांत बिझनेसची आठच आसने आहेत, दोन रांगांत. तिथे दुसरी रांग हीच शेवटची. तरीही मी तीच घेईन, कारण मागे प्रीमियम इकॉनॉमीच्या रांगा असल्याने गलका थोडा लांब राहतो आणि पर्स पायाशी ठेवता येते. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ आणले, त्यात १२ आसने, तीन रांगा. मधली रांग समोरच दिसते आहे. ती बहुतेकांच्या आधी उचलायची.

एवढे करूनही विमान ऐनवेळी बदलू शकते. बोइंगच्या जागी एअरबस आली की संगणक सगळ्यांना नव्याने बसवतो, आणि दुसऱ्या रांगेतला माणूस पाचव्या रांगेत जाऊन पडतो. त्याची सूचना येईलच असे नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी वेब चेक-इन करताना नकाशा पुन्हा उघडून पाहावा. त्या वेळी काही चांगल्या जागा मोकळ्याही होतात, कारण कुणाचे तिकीट रद्द झालेले असते, कुणी आपले विमान बदललेले असते. विमानतळावर काउंटरवर विचारायलाही लाजू नये. दाराशी गेल्यावर मात्र उशीर झालेला असतो. तिथे कर्मचाऱ्यांपुढे बढतीची वाट पाहणाऱ्यांची यादी असते, आणि मोकळी झालेली पुढची जागा त्या यादीतल्या कुणाला तरी आधीच दिलेली असते.

पुढच्या लेखांकात : दोन वाटांच्या मोठ्या विमानातली मधली चार आसने, आणि त्यांतली कोणती परवडते.