भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत

पदवी एकदा पदरात पडली की ती जन्मभर पुरते, असा समज सुशिक्षित समाजात खोलवर रुजला आहे. अमेरिकेतील व्यायाम-प्रशिक्षकांच्या व्यवसायाने मात्र तो मोडीत काढला आहे. डॉक्टर वा परिचारिकेप्रमाणे सरकारी परवान्याची सर्वत्र सक्ती तेथे या व्यवसायाला नाही; त्याची पत स्वायत्त संस्थांच्या प्रमाणपत्रांवर टिकून आहे, आणि ही प्रमाणपत्रे मुदतीची असतात. १९८५ साली स्थापन झालेली 'अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझ' दर दोन वर्षांनी २० तासांच्या पुढील अभ्यासाची अट घालते. शिवाय, हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही ताजे असावे लागते.

ही अट का आवश्यक, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. श्वासमार्ग मोकळा करा, श्वास द्या आणि मग छाती दाबा, असा या उपचाराचा क्रम पूर्वी शिकविला जाई. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो बदलून छातीवरील दाबाला अग्रस्थान दिले; २०१५ साली दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० अशी निश्चित केली. २००९ साली शिकून स्वस्थ बसलेल्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र खोटे नव्हते. त्याचे ज्ञान तेवढे शिळे झाले होते. प्रसंग ओढवला असता तर त्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागली असती.

या पद्धतीवरील आक्षेपही पोकळ नाहीत. एखादी पुस्तिका वाचून, चार प्रश्नांची उत्तरे लिहून गुणांक पदरात पाडता येतात. प्रमाणपत्र देणाऱ्या काही संस्था अभ्यासक्रमही विकतात आणि नूतनीकरणाचा खर्च बहुधा प्रशिक्षकाच्याच खिशातून जातो. तासावर पोट असणाऱ्याला तो जड वाटला तर नवल नाही. सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सही करून परतणाऱ्या शिक्षकवर्गाला ही तक्रार परकी वाटू नये.

परंतु उपाय मुदत रद्द करण्यात नाही. छातीवर दाब देण्याचे कसब सराव नसल्यास काही महिन्यांतच ओसरू लागते, असे संशोधकांना वारंवार आढळले आहे. म्हणजे दोन वर्षांची मुदतही काही बाबतींत लांबच म्हणावी लागेल. तेव्हा कागदी गुणांकांचा भार कमी करून प्रत्यक्ष हातांची परीक्षा वाढवावी, ती थोड्या थोड्या अंतराने घ्यावी, आणि नोकरीवर ठेवणाऱ्या व्यायामशाळेने खर्चाचा वाटा उचलावा, हेच न्याय्य ठरेल.

या परदेशी संस्थांची प्रमाणपत्रे आज मुंबई-पुण्याच्या व्यायामशाळांतही भिंतीवर दिसतात. वर्गणी भरणारा मनुष्य त्यांवरील नाव आणि शिक्का पाहून निश्चिंत होतो. त्याने यापुढे खालची तारीखही वाचावी.