बापाच्या बोटाचे माप

“ग्रहण पाळले नाहीस, म्हणून पोराचे बोट असे!” हा ठपका भामरागडच्या आईवर येतो, तसाच शहरातल्या सुनेवरही. वस्तुतः एखादे बोट जन्मतःच जाड व लांब असणे हा आईचा दोष नव्हे. सहसा ते आनुवंशिकही नसते. गर्भात काही पेशींतले जनुक बदलते आणि तेवढाच भाग जास्त वाढतो.

हाडही वाढले आहे की नुसतीच सूज, हे डॉक्टर क्ष-किरण चित्रावरून ओळखतात. मग अधूनमधून मापे घेतात. काही बोटे मुलाच्या अंगाबरोबर वाढतात. काही मात्र भराभर पुढे जातात. अशा वेळी मुलाला बापाचे, मुलीला आईचे बोट हेच माप! तेवढी लांबी झाली, की हाडाची वाढती कूर्चा शस्त्रक्रियेने थांबवतात. जाडी टप्प्याटप्प्याने कमी करतात.

ही वेळ हुकता कामा नये. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाटच तुटते. म्हणून दाखवायला उशीर नको. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. पदराआड लपवलेली ती चिमुकली मूठ आईने तेथे निःसंकोच उघडावी!